अवर्षणी मुलुखांत घराभोंवतीं लावावयाचीं झाडें

गांवठाणांतील जुनें घर सोडून मळ्यांत वस्तीवर राहावयास जाण्याचा प्रघात देशावर आतां पुष्कळच वाढला आहे. नवें घर उभें राहतें. भिंती सिमेंटाच्या, वर स्लॅब किंवा पत्रा. पहिल्या चैत्रांतच घरच्या माणसांच्या ध्यानांत येतें कीं, धाब्याच्या घरांत होता तसा गारवा येथें नाहीं. मग झाडांची आठवण होते. तालुक्याच्या गांवीं रोपवाटिकेंत जाऊन, जें हिरवेंगार दिसेल व जें लवकर वाढतें असें विकणारा सांगेल, तें आणून भिंतीशेजारीं लाविलें जातें. पांचसात वर्षांनीं पाहावें तों त्यांतील बरींच वाळलेलीं, कांहीं पडलेलीं, आणि एखादें भिंतीस तडा देऊन उभें. जोंधळ्याचें बीं घेण्यापूर्वीं दहा ठिकाणीं चौकशी करणारा शेतकरी दोन पिढ्या टिकावयाच्या झाडाची निवड इतक्या घाईनें करितो, याचें आम्हांस नवल वाटतें.

येथें आम्ही लिहीत आहों तें माण, सांगोला, जत, आटपाडी, आष्टी अशा टापूंतील वाचकांकरितां, जेथें सालीना १८ ते २५ इंच पाऊस पडतो व तोही लहरीनें पडतो. कोंकणांतील वाचकांस यांतील थोडेंच उपयोगी पडेल.

चिवट झाड कशास म्हणावें, हें आधीं ठरविलें पाहिजे. पहिलीं दोन वर्षें बादलीनें पाणी घालून कोणतेंही झाड जगवितां येतें. खरी परीक्षा विहीर आटते त्या वर्षीं होते. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा सालीं गुरांस व माणसांस पाणी पुरत नाहीं, तेथें अंगणांतील झाडास कोण घालणार? तेव्हां तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ज्यास मुळींच पाणी लागत नाहीं तेंच झाड आमच्या मुलुखांत चिवट. अशीं झाडें ओळखण्यास पुस्तक लागत नाहीं. आपल्याच शिवारांत जुन्या बांधांवर, ओढ्याच्या दरडीवर, देवळामागें, कोणी पाणी न घालतां जीं पन्नास वर्षें उभीं आहेत, तीं एके दिवशीं हिंडून पाहावींत.

परंतु चिवट झाड म्हणजे सावलीचें झाड असें मात्र नव्हे. आपणांस सावली हवी असते ती चैत्र-वैशाखांत, आणि पुष्कळ झाडें नेमकीं त्याच वेळीं उघडीं असतात. बहावा घ्या. वैशाखांत त्याच्या पिवळ्या घोसांसारखी शोभा दुसरी नाहीं, पण त्या दिवसांत अंगावर पानें जवळजवळ नसतात. पळसाचें व पांगाऱ्याचें तसेंच. शिरीष हिवाळ्याच्या अखेरीस उघडा पडतो, त्यास नवी पालवी उन्हें चढूं लागल्यावर येते. उलट कडुलिंबाची पानगळ माघ-फाल्गुनांत होऊन चैत्रांत तो कोंवळ्या पालवीनें भरतो. ऐन उन्हाळ्यांत त्याची सावली पुरी होते. करंजाचें असेंच असून त्याची सावली लिंबाहून दाट पडते. करंजाच्या पानांवर पुष्कळदां बारीक गांठी येतात. त्या पाहून कित्येक जण भितात, पण त्यामुळें झाड मरत नाहीं. अगदीं उथळ मुरमांत मात्र करंज रेंगाळतो. ओढ्याकांठच्या, थोड्या खोल जमिनींत तो खुलतो.

सावली कोणत्या बाजूस हवी, हाही विचार कोणी करीत नाहीं. सोलापुरास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत व नाशकास तिसऱ्या आठवड्यांत दुपारचा सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या वेळीं दक्षिणेची भिंत तापत नाहीं. तापतें तें छप्पर आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. रात्रीं घरांत जो उबारा राहतो तो बहुतांशीं या दोहोंचा. म्हणून लिंब किंवा करंज पश्चिमेस लावावा. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व त्याचें ऊन अंगणांत यावयास हवें असतें, याकरितां दक्षिणेस उंच व दाट झाड लावूं नये. तेथें बहावा, आपटा किंवा देवचाफा शोभतो. देवचाफा मूळचा अमेरिकेकडील, परंतु आपल्या देवळांपुढें तो इतका रुळला आहे कीं परका म्हटल्यास कोणास खरें वाटणार नाहीं. जाड खोडांत तो पाणी सांठवून ठेवितो व पानें टाकून उन्हाळा काढितो.

गुलमोहराविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. मादागास्कर बेटांतून आलेलें हें झाड फुलतें तेव्हां मन मोहून टाकितें, यांत शंका नाहीं. पण त्याच्या मुळ्या वरवर पसरतात, लांकूड ठिसूळ असतें व पसारा मोठा असतो. आमच्याच वस्तीवर गोठ्याच्या पश्चिमेस एक गुलमोहर होता. वळवाच्या एका वादळांत तो मुळांसकट गोठ्यावर आला. पत्रे तर गेलेच, खालीं बांधलेली एक पारडीही दगावली. झाड आम्हींच हौसेनें लाविलें होतें, तेव्हां दोष कोणास देणार? ज्यास फुलांची हौस आहे त्यानें गुलमोहर रस्त्याकडेस, छपरापासून दूर लावावा. सुबाभूळ घराजवळ आणूं नये; तिच्या शेंगांचें बीं सर्वत्र पडून दोन वर्षांत अंगणाचें रान होतें. अलीकडे कोनोकार्पस नांवाच्या हिरव्या भिंतीसारख्या झाडाची टूम निघाली आहे. त्याच्या मुळ्या नळांत व गटारांत शिरतात आणि परागांनीं सर्दी व दम्याचा त्रास होतो अशा तक्रारींवरून गुजरातेंत २०२३ सालीं सरकारनें त्याच्या लागवडीस मनाई केली. बारमाही हिरवें दिसतें एवढ्यावर भुलूं नये.

काळ्या जमिनींत घर असेल तर आणखी एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. काळी माती भिजली कीं फुगते व वाळली कीं आकसून भेगाळते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. भिंतीलगत मोठें झाड असलें म्हणजे तें पायाखालची ओल ओढून घेतें. तेवढीच एक बाजू आकसते, पाया खचतो आणि भिंतीस तिरकी भेग पडते. पुष्कळ ठिकाणीं गवंड्यास बोल लावितात, व खरें कारण बाहेर डुलत असतें. यास्तव काळ्या जमिनींत, झाड पूर्ण वाढल्यावर जितकें उंच होईल तितकें अंतर भिंतीपासून सोडावें. जागा अपुरी असल्यास निदान निम्मे. कडुलिंब चाळीस-पन्नास फूट सहज होतो, हें लक्षांत घेऊन माप टाकावें. मुरमाड जमिनीवर ही भीति फारशी नाहीं. वड, पिंपळ व उंबर मात्र कोणत्याही जमिनींत घराजवळ व विहिरीच्या बांधकामाजवळ नकोत. पक्ष्यांनीं टाकलेल्या बियांपासून भिंतींत उगवलेलें रोपही बोटाएवढें असतांनाच उपटावें. चिंच चिवट खरी, उन्हाळ्यांत सावलीही देते, परंतु तिच्याखालीं दुसरें कांहीं नीट वाढत नाहीं. ती खळ्याच्या कोपऱ्यास बरी. तिच्यावरील भुताविषयीं आम्हांस अनुभव नाहीं.

झुडुपांत मुख्य प्रश्न शेळीचा. जें शेळी खात नाहीं तें अर्धें जगलेंच म्हणावें. अडुळसा व निर्गुडी यांस जनावर तोंड लावीत नाहीं, दोन्ही घरगुती औषधास उपयोगी, आणि कापावें तितकीं फुटतात. मेंदीचें कुंपण दाट होतें. जेथें चोर व डुकरें यांचा उपद्रव आहे तेथें सागरगोटा लावावा. त्याच्या कांट्यांतून कोणी जात नाहीं. कण्हेरही शेळी खात नाहीं व पाण्यावांचून फुलते, परंतु ती विषारी आहे. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकल्या व बैलानें त्या चघळल्या तर बैल हातचा जातो. घाणेरी फुलांकरितां कोणी मुद्दाम लावील तर शेजाऱ्यानें त्याच्याशीं भांडावें, असें आमचें मत आहे. फुलांसाठीं कोरांटी, शंकासूर व पारिजातक पुरेसे आहेत. जास्वंद व मोगरा यांस पाणी लागतें, म्हणून त्यांची जागा मोरीजवळ. नहाणीच्या पाण्यावर कर्दळ, अळू व वाळा बारमाही राहतात आणि चिखलही होत नाहीं. कोरफड कोठेंही जगते. लिंबाच्या बुंध्याशीं गुळवेलीचा एक तुकडा लावून द्यावा, म्हणजे झालें.

आतां लागवडीविषयीं. रोप विकत घ्यावयाचें तर गुडघ्याएवढें घ्यावें. पुरुषभर उंचीचें रोप पाहून मन लोभावतें. परंतु पिशवींत दोन-दोन वर्षें राहिल्यानें त्याची सोटमुळी बुडाशीं गोल गुंडाळलेली असते, व तें जमिनींत गेल्यावरही ती खोल जात नाहीं. असें झाड पाण्यावांचून तग धरीत नाहीं व वाऱ्यांत उन्मळतें. पिशवी सबंध फाडून काढावी, वेटोळें झालेल्या मुळ्या छाटाव्या. कडुलिंब तर रोपावांचूनच लावावा. आषाढाच्या सुमारास पिकून पडलेली लिंबोळी गर धुऊन, सावलींत वाळवून पंधरा दिवसांच्या आंत जागेवरच टोंचावी. तिची उगवणशक्ति फार लवकर जाते. जागेवर उगवलेल्या झाडाची सोटमुळी सरळ खोल उतरते व पांच वर्षांत तें विकतच्या झाडास मागें टाकितें.

खड्डा मे महिन्यांत खणून तापूं द्यावा; मुरमांत तीन फूट खोल. शेणखत पूर्ण कुजलेलें असावें, नाहीं तर वाळवी लागते. पाणी रोज तांब्याभर घालूं नये. त्यानें माती वरवर भिजते, मुळ्याही वरच राहतात, आणि पाणी बंद झालें कीं झाड जातें. पहिल्या उन्हाळ्यांत आठ दिवसांनीं दोन घागरी, दुसऱ्यांत पंधरवड्यानें चार, तिसऱ्यांत महिन्यानें एकदां. मध्यंतरीं दुपारीं पानें मलूल दिसलीं तरी घागर उचलूं नये. दुसऱ्या दिवशीं सूर्योदयाच्या वेळीं पुन्हां पाहावें. तेव्हांही पानें खालीं असलीं तरच पाणी द्यावें.