दहा मतांचे शहर

गेल्या वर्षी आमच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. मतदारयादीत माझे नाव प्रथमच आले होते. परंतु दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती म्हणून मी गेले नाही. आमच्या प्रभागातील उमेदवार सहा मतांनी पडला. बाहेर शिकणारी आम्ही नऊ मुलेमुली मतदानाला गेलो नव्हतो. सुट्टीत घरी गेले तेव्हा आबा एवढेच म्हणाले, "शिकल्याली माणसंच मत टाकाया येत न्हाईत, मग आमी अंगठेबहाद्दरांनी काय करायचं?" मला उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात अमेरिकेतील स्थानिक कारभाराविषयी वाचताना बर्लिंग्टन शहराची हकीकत सापडली, आणि आबांचा प्रश्न पुन्हा आठवला.

बर्लिंग्टन हे अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यातील, शँप्लेन सरोवराच्या काठी वसलेले शहर. २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या अवघी ४४,७४३. तरीही राज्यातील सर्वांत मोठे. व्हरमाँट विद्यापीठ येथेच आहे. हे राज्य मूळचे रिपब्लिकन पक्षाचे. १८५६ पासून १९६० पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत त्याने त्याच पक्षाला कौल दिला. १९३६ साली रूझवेल्ट यांची देशभर लाट होती, तेव्हा त्यांच्या विरोधात गेलेली राज्ये दोनच: मेन आणि व्हरमाँट. १९८० साली राज्याने रीगन यांना निवडले. आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च १९८१ मध्ये, बर्लिंग्टनने स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणाऱ्या अपक्षाला महापौर केले. त्यांचे नाव बर्नी सँडर्स.

सँडर्स त्यापूर्वी सिनेट व गव्हर्नरपदाच्या मिळून चार निवडणुका हरले होते. समोर होते गॉर्डन पॅकेट, पाच वेळा निवडून आलेले डेमोक्रॅटिक महापौर. फेरमोजणीनंतर सँडर्स यांना ४,३३० आणि पॅकेट यांना ४,३२० मते पडली. फरक दहा मतांचा!

हे कसे घडले? एक तर रिपब्लिकन पक्षाने उमेदवारच दिला नव्हता. दुसरे म्हणजे रिचर्ड बोव्ह या तिसऱ्या उमेदवाराने हजारावर मते घेतली. परंतु केवळ मतविभागणी म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही. सँडर्स भाडेकरूंच्या व गरिबांच्या वस्त्यांत घरोघर फिरले. महापौरांनी सुचवलेल्या मालमत्ता करवाढीला त्यांनी विरोध केला. सरोवराचा काठ श्रीमंतांच्या उंच इमारतींसाठी जाऊ नये, असे ते सांगत. पोलिसांच्या संघटनेनेही त्यांना पाठिंबा दिला.

निवडून आल्यावर मात्र १३ जणांच्या नगरमंडळात त्यांच्या बाजूचे दोघेच. त्यांनी नेमलेले अधिकारीही मंडळ मान्य करीना. त्याचा निकाल मतदारांनीच लावला: १९८२ मध्ये त्यांचे समर्थक वाढले, आणि १९८३ मध्ये तिरंगी लढतीत, वाढलेल्या मतदानात, सँडर्स निम्म्याहून अधिक मते घेऊन पुन्हा आले. १९८९ पर्यंत ते महापौर होते. आज त्या सरोवरकाठी सार्वजनिक बाग आहे.

म्हणजे बर्लिंग्टन कायमचे डावे झाले काय? तसेही नाही. १९९३ साली तेथे रिपब्लिकन महापौर निवडून आला. २००८ साली या शहराने ओबामा यांना भरघोस मते दिली. मात्र २००९ च्या महापौर निवडणुकीत पहिल्या फेरीत रिपब्लिकन कर्ट राइट आघाडीवर होते. अध्यक्ष निवडताना माणूस देशाचा विचार करतो, महापौर निवडताना कर, घरभाडे आणि रस्ते यांचा. शिवाय अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरात आणि शहराची मार्चमध्ये, म्हणून दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळत नाहीत.

त्या २००९ च्या निवडणुकीत मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा होता. कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील तर सर्वांत मागच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतदारांची पुढची पसंती मोजायची, अशी ही रीत. पहिल्या फेरीत राइट यांना २,९५१, प्रोग्रेसिव्ह पक्षाचे बॉब किस यांना २,५८५ आणि डेमोक्रॅट अँडी माँट्रोल यांना २,०६३ मते होती. शेवटी किस ४,३१३ विरुद्ध ४,०६१ असे जिंकले. गंमत अशी की, त्याच मतपत्रिका दोघादोघांची जोडी लावून पाहिल्या तर माँट्रोल दोघांनाही हरवतात! लोक नाराज झाले आणि २०१० मध्ये मतदानानेच ही पद्धत रद्द केली. पुढे २०२१ मध्ये मतदानानेच ती नगरमंडळासाठी परत आणली.

मला या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की, शहराचा कल म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तो दर निवडणुकीत नव्याने ठरतो, आणि त्या दिवशी जे घराबाहेर पडतात तेच तो ठरवतात. १९८१ साली पॅकेट यांचे अकरा समर्थक 'एवढ्याने काय होते' म्हणून घरी बसले असतील, तर त्यांनी त्या शहराचा पुढील इतिहास लिहिला असे म्हणावे लागेल. आम्ही नऊजणांनीही आमच्या प्रभागाचा लिहिलाच आहे.

पुढच्या खेपेला पहाटेच्या एस.टी.ने नऊही जणांनी गावी जायचे, असे आम्ही ठरवले आहे. आबांना मी अजून ते सांगितलेले नाही. मत टाकून आल्यावर सांगेन.