सामाईक संगणकसाधने : किल्ली आणि पाळी

सातारा-सांगलीकडे सामाईक विहिरी पुष्कळ आहेत. विहीर एकाच्या गटात असते, पाण्यात हिस्सा चौघांचा असतो. त्या हिश्शाची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' या सदरात होते आणि पाणी पाळीने घेतले जाते. 'क्लाउड' या नावाने ओळखली जाणारी, भाड्याने घेतलेली दूरस्थ संगणकसाधने अनेकांनी सुरक्षितपणे कशी वापरावीत, हे समजण्यास ही व्यवस्था चांगली उपयोगी पडते.

'खाते' हा शब्द आपण सरकारी विभाग, हिशेब आणि जमीनधारणा या तिन्ही अर्थी योजतो. क्लाउडमधील खाते तिसऱ्या अर्थाला अधिक जवळचे आहे. ते केवळ बिलापुरते नाव नव्हे, तो एक बांध आहे. बांधाआतील वस्तू स्पष्ट परवानगीवाचून बाहेरच्यास हाताळता येत नाही.

समजा, साताऱ्याच्या एका महाविद्यालयाने माण तालुक्यातील बोलीची ध्वनिमुद्रणे आपल्या खात्यात ठेवली आहेत आणि जतकडील बोलीशी तुलना करण्यासाठी ती सांगलीच्या अभ्यासकांना हवी आहेत. अशा वेळी परवलीचा शब्द दूरध्वनीवरून कळविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकालाही तो झालेला आहे. परंतु निवेदकांनी आपले घरगुती बोलणे विश्वासाने दिलेले असते. उद्या एखादे मुद्रण पुसले गेले किंवा बाहेर फुटले, तर नोंदीत नाव साताऱ्याचेच दिसणार. शिवाय दिलेली किल्ली परत मागता येते, तिची नक्कल मागता येत नाही.

मुंबईत २०१६ पासून केंद्रे असलेल्या ॲमेझॉनच्या सेवेत यास दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे साठ्यावरच कोणास काय वाचता येईल ते लिहून ठेवणे. हे 'इतर हक्क' सदरच होय. मात्र तेवढ्याने भागत नाही. सांगलीच्या व्यवस्थापकानेही आपल्या अभ्यासकास तशी मुभा द्यावी लागते. दुसरा मार्ग 'रोल' अर्थात भूमिकेचा. सातारा केवळ वाचनाचा अधिकार असलेली एक भूमिका निर्माण करतो व सांगलीच्या खात्यास ती घेऊ देतो. भूमिका घेणाऱ्यास तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. वेगळे काही न सांगितल्यास त्या एका तासाने निकामी होतात. पाळी संपली की दारे धरणाऱ्याला हाक मारण्याचीही गरज उरत नाही.

खरी गुंतागुंत तिसरा पक्ष आला की होते. ध्वनिमुद्रणांचे लेखन करून देणारी एखादी कंपनी अनेक महाविद्यालयांची कामे करते आणि प्रत्येकाने तिला आपापली भूमिका दिलेली असते. आता एखाद्या लबाड ग्राहकाने साताऱ्याच्या भूमिकेचे नाव स्वतःचे म्हणून सांगितले तर? कंपनीस तो अधिकार आहेच. ती निष्पापपणे साताऱ्याची मुद्रणे त्याच्या हाती देईल. नॉर्मन हार्डी यांनी १९८८ मध्ये या दोषाचे वर्णन केले व त्यास गोंधळलेल्या मुखत्याराची उपमा दिली. मुखत्यार अप्रामाणिक नसतो. आपण या क्षणी कोणासाठी अधिकार वापरत आहोत, एवढेच त्यास ठाऊक नसते.

यावर उपाय म्हणून कंपनी प्रत्येक ग्राहकास निराळा ओळखक्रमांक नेमून देते आणि भूमिका मागताना त्या ग्राहकाचाच क्रमांक सोबत धाडते. साताऱ्याच्या भूमिकेत साताऱ्याचाच क्रमांक अट म्हणून लिहिलेला असल्याने लबाडाची मागणी तेथेच फेटाळली जाते. हा क्रमांक गुप्त असावा लागत नाही; तो ग्राहकाने स्वतः निवडलेला मात्र नसावा.