हरताळाचा पिवळा

तत्त्वांना ‘हरताळ फासला’ असं आपण सहज म्हणतो. पोथीतलं चुकलेलं अक्षर ज्या पिवळ्या रंगानं झाकत, तो हा हरताळ. गंधक आणि आर्सेनिक यांचं खनिज. सोळाव्या शतकात टिशियनसारख्या व्हेनिसच्या चित्रकारांनी तो तेलरंगात वापरला. सोन्यासारखा झळकतो, पण तेलात फार सावकाश वाळतो. शिसं किंवा तांबं असलेल्या रंगात मिसळला तर काळवंडण्याची भीती, म्हणून जाणते चित्रकार त्याला वेगळा ठेवत. शिवाय तो विषारी. एकोणिसाव्या शतकात कॅडमियमचा पिवळा आला आणि चित्रकारांनी हरताळ सोडला. मात्र वर्षानुवर्षं उजेडात राहिला, की हा रंग स्वतःच फिका पडतो. अक्षरं झाकणाऱ्या रंगाची ही गोष्ट मला, कवी म्हणून, धीर देते.