चांदण्यांच्या खुणा आणि छापील पान

खिळ्यांच्या छापखान्यात हस्तलिखित जाई, तेव्हा लेखक एखाद्या शब्दाखाली रेघ ओढी, समासात चार अक्षरे खरडी आणि मोकळा होई. पुढचे जुळाऱ्याने पाहावे! मजकूर एकाचा, रूप दुसऱ्याचे. संगणक आला आणि लेखकच जुळारी होऊन बसला. २००४ साली जॉन ग्रुबर या अमेरिकी लेखकाने ‘मार्कडाउन’ काढले, त्यात ही जुनी वाटणी पुन्हा दिसते. ओळीच्या आरंभी हॅशची खूण केली की ते शीर्षक. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चांदण्या दिल्या की तो ठळक. बस्स! बाकी सारा साधा मजकूर.

आता याची पीडीएफ करायची कशी? ‘व्हीएस कोड’सारख्या टेक्स्ट एडिटरला त्यासाठी प्लगइन जोडता येते. पण वाचकहो, हे प्लगइन बहुधा नुसते निरोप्याचे काम करते. कोणी मजकुराचे वेबपान करून तो पडद्याआडच्या ब्राउझरकडून छापून घेतो. कोणी तो ‘पॅनडॉक’च्या स्वाधीन करतो. हा पॅनडॉक बर्कलीच्या विद्यापीठातील जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. गृहस्थ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक! त्यांना हा उद्योग कसा सुचला, याचे नवल वाटते.

मराठी माणसाची खरी परीक्षा इथेच. पॅनडॉकला काही न सांगता पीडीएफ मागितली, तर तो ‘पीडीएफलाटेक’ला बोलावतो आणि देवनागरी दिसताच ती स्वारी अडून बसते. म्हणून ‘झीलाटेक’ नेमावा. तेवढ्यानेही भागत नाही. ‘नोटो सेरिफ देवनागरी’सारख्या फॉन्टचे नाव द्यावे लागते, नाहीतर अक्षरांच्या जागी कोरा कागद! शिवाय लिपी देवनागरी आहे हेही बजावावे लागते. ते राहिले तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. ब्राउझरच्या वाटेने हा त्रास सहसा होत नाही. घाईच्या कामाला तीच वाट बरी.

पीडीएफ देखणी झाली, म्हणून मूळ फाइल मात्र कोणी टाकून देऊ नये. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलायला जावे, तर काने-वेलांट्या अनेकदा भलतीकडेच उतरतात. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सारे पुस्तक पुन्हा टंकित करण्याची पाळी! मूळ फाइल हाताशी असली, की चूक तिथे सुधारायची आणि प्लगइनला पुन्हा हुकूम सोडायचा. चहा निवण्याच्या आत नवी प्रत तयार.