दोषारोपपूर्व बचाव

फौजदारी प्रकरणात संशयितावर न्यायालयात रीतसर दोषारोप ठेवला जाण्यापूर्वी, तो ठेवला जाऊ नये किंवा निदान सौम्य स्वरूपाचा असावा, यासाठी संशयिताच्या वकिलाने सरकारी अभियोक्त्यापुढे केलेले प्रतिपादन. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढीस लागली. तेथील आर्थिक गुन्ह्यांच्या प्रकरणांत तर वकिलाचे महत्त्वाचे काम पुष्कळदा याच टप्प्यात होते व ते यशस्वी झाल्यास त्याचा मागमूसही सार्वजनिक दप्तरात राहत नाही.

या प्रथेचे मूळ अमेरिकी अभियोक्त्याच्या विस्तृत स्वेच्छाधिकारात आहे. कोणावर, कोणता व केव्हा आरोप ठेवावा, हे तोच ठरवितो. संघीय अभियोक्त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो. बहुतेक राज्यांत जिल्हा अभियोक्ते लोकनियुक्त असतात. १९४० मध्ये महान्यायवादी रॉबर्ट जॅक्सन याने संघीय अभियोक्त्यांपुढे केलेल्या भाषणात, नागरिकांच्या जीवितावर, स्वातंत्र्यावर व लौकिकावर अभियोक्त्याइतका ताबा देशात दुसऱ्या कोणाचाही नसतो, असे स्पष्टपणे सांगितले होते. गुन्हा घडल्याचे मानण्यास सकृद्दर्शनी आधार असला, की आरोप ठेवावा की नाही हा निर्णय सर्वसाधारणपणे अभियोक्त्याच्याच अखत्यारीत असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने बॉर्डेनकर्चर विरुद्ध हेज (१९७८) या खटल्यात म्हटले. आरोप ठेवण्याची सक्ती न्यायालये सहसा करीत नाहीत, तसेच तो ठेवण्यापासून परावृत्तही करीत नाहीत. त्यामुळे संशयिताला दाद मागावयाची ती अभियोक्त्याकडेच.

संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीनुसार गंभीर संघीय गुन्ह्यांसाठी ग्रँड ज्युरीने दोषारोप मंजूर करावा लागतो. राज्यांवर मात्र हे बंधन नाही (हुर्टाडो विरुद्ध कॅलिफोर्निया, १८८४). संघीय ग्रँड ज्युरीत १६ ते २३ नागरिक असतात व किमान १२ जणांची संमती लागते. हे संरक्षण दिसते तितके भक्कम नाही. बैठका गुप्त असतात, तेथे न्यायाधीश नसतो, संशयिताच्या वकिलाला प्रवेश नसतो आणि पुरावा मांडतो तो एकटा अभियोक्ता. संशयिताला अनुकूल असा पुरावा ग्रँड ज्युरीपुढे ठेवणे अभियोक्त्यावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरविले. न्याय विभागाने मात्र अशा महत्त्वाच्या पुराव्याची माहिती देण्याचा दंडक स्वतःसाठी घातला आहे व बचावाचे वकील याच दंडकाचा आधार घेऊन आपला पुरावा अभियोक्त्याच्या हवाली करतात.

नंतर निर्दोष सुटका झाली, तरी दोषारोपाने झालेली हानी भरून येत नाही, हे या साऱ्या खटपटीचे कारण होय. मजूरमंत्री रेमंड डॉनोव्हन याच्यावर १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आरोप ठेवण्यात आले. १९८५ मध्ये त्याने मंत्रिपद सोडले आणि १९८७ मध्ये ज्युरीने त्याला व त्याच्या सहआरोपींना निर्दोष ठरविले. आर्थर अँडरसन या हिशेब तपासनीस संस्थेचे उदाहरण अधिक बोलके आहे. एन्रॉन कंपनीसंबंधीचे कागद नष्ट केल्याच्या प्रकरणात २००२ मध्ये, वकिलांचे प्रयत्न निष्फळ ठरून, तिच्यावर दोषारोप ठेवला गेला. ग्राहक सोडून गेले, हजारोंची नोकरी गेली व संस्था जवळजवळ संपुष्टात आली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दोषसिद्धी रद्द केली, तेव्हा त्याचा लाभ घेण्यास फारसे काही उरले नव्हते.

वकिलाचे पहिले काम म्हणजे अशिलाचे स्थान जाणून घेणे. संघीय परिभाषेत साक्षीदार, चौकशीच्या कक्षेत ज्याचे वर्तन येते अशी व्यक्ती आणि जिच्याविरुद्ध भरीव पुरावा असून जी संभाव्य आरोपी मानली जाते ती ‘लक्ष्य’ व्यक्ती, असे तीन वर्ग आहेत. लक्ष्य व्यक्तीला पुष्कळदा तसे पत्र पाठविले जाते. त्यानंतर अभियोक्त्याच्या भेटी, लेखी निवेदन व आवश्यक तर वरिष्ठांकडे दाद, असा क्रम असतो. न्याय विभागाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली अभियोगाची तत्त्वे येथे उपयोगी पडतात. ग्राह्य पुराव्यावर दोषसिद्धी मिळण्याची व टिकण्याची शक्यता असेल, तरच आरोप ठेवावा, असे त्यांत सांगितले आहे. पुरावा पुरेसा असूनही संघीय हिताचा प्रश्न गौण असल्यास, अन्य अधिकारक्षेत्रात परिणामकारक खटला होऊ शकत असल्यास किंवा दिवाणी वा प्रशासकीय उपाय पुरेसा असल्यास, आरोप न ठेवण्याची मुभा आहे. निष्णात वकील अशिलाच्या सज्जनपणाची वर्णने थोडक्यात आटोपतो आणि खटला अभियोक्त्याला कोठे अडचणीचा ठरेल, हे दाखवितो. फितूर साक्षीदाराची विश्वासार्हता, गुन्हेगारी हेतूचा अभाव, तज्ञाच्या सल्ल्यावर विसंबून केलेली कृती, परत केलेली रक्कम हे मुद्दे त्यात येतात.

खरी कसोटी असते ती किती सांगावे याची. मन वळवायचे तर काहीतरी उघड करावे लागते आणि उघड केलेली गोष्ट प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र ठरू शकते. अशा वकिलांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या केनेथ मान याने १९८५ मधील आपल्या ग्रंथात, माहितीवरील नियंत्रण हेच या बचावाचे मर्म मानले आहे. म्हणूनच वकील बहुधा ‘समजा असे घडले असेल तर’ अशा गृहीतकाच्या भाषेत बोलतो. वकिलाने असत्य विधान करणे हाही गुन्हाच असतो. अशिलाने स्वतः निवेदन द्यावयाचे झाल्यास आधी लेखी करार होतो. ‘क्वीन फॉर अ डे’ (एका दिवसाची राणी) या जुन्या नभोवाणी व दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून वकीलवर्गात त्याला तेच नाव पडले आहे. नावाने सुचणारे अभय त्यात फारसे नसते. सांगितलेला मजकूर थेट पुरावा म्हणून वापरला जात नाही. पण त्यावरून नवे धागे शोधता येतात आणि पुढे साक्षीत विसंगती आल्यास तो आरोपीविरुद्ध मांडता येतो. अशा अटी वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केले. मार्था स्ट्यूअर्ट या उद्योजिकेने २००२ मध्ये तपास अधिकाऱ्यांना मुलाखती दिल्या. २००४ मध्ये ती दोषी ठरली ती मूळ भागविक्रीबद्दल नव्हे, तर प्रामुख्याने या मुलाखतींतील असत्य कथनामुळे व चौकशीत आणलेल्या अडथळ्यामुळे. मौनाचा सल्ला वकील का देतात, हे यावरून कळते.

कधीकधी मुदतीचा कायदा (संघीय गुन्ह्यांसाठी सामान्यतः पाच वर्षे) तात्पुरता स्थगित ठेवण्यास वकील स्वतःच संमती देतात, म्हणजे अभियोक्त्याला घाईने आरोप ठेवावा लागत नाही. कंपन्यांच्या बाबतीत दंड व सुधारणांच्या अटींवर अभियोग लांबणीवर टाकण्याचे करार २००२ नंतर बरेच वाढले. आरोप न ठेवण्याचा निर्णय अंतिम नसतो; मुदतीच्या आत प्रकरण पुन्हा उघडता येते.

या प्रथेवरील मुख्य आक्षेप विषमतेचा आहे. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा सहाव्या दुरुस्तीतील हक्क न्यायालयीन कार्यवाही रीतसर सुरू झाल्यावरच लागू होतो (कर्बी विरुद्ध इलिनॉय, १९७२). त्यामुळे चौकशीची चाहूल लागलेल्या धनवान व्यक्तीला किंवा कंपनीला हा बचाव उपलब्ध होतो. अटक होऊनच आरोपाची वार्ता कळणाऱ्या गरिबाला तो मिळत नाही.

भारतात या प्रथेला तंतोतंत प्रतिरूप नाही. येथे तपासान्ती आरोपपत्र दाखल करावे की नाही, हे पोलीस ठरवितात व त्यासाठी सरकारी वकिलाचे मत घेण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू (२०००) या प्रकरणात स्पष्ट केले. आरोपीचे वकील म्हणून अभियोक्त्याऐवजी उच्च न्यायालयाचे दार ठोठावतात. प्रथम खबर किंवा कार्यवाही रद्द करण्याचा तेथील अंतर्निहित अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. तो कोणत्या स्वरूपाच्या प्रकरणांत वापरावा, याची उदाहरणे हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल (१९९२) या निर्णयात दिलेली आहेत.