'आब्राहम क्राइन्सन' : एका सुरुंगनिवारक नौकेचा सेवाकाल

युद्धनौकेचे आयुष्य तिच्या सांगाड्याच्या मजबुतीवरून मोजण्याची आपली रीत सुरुंगनिवारक नौकांच्या बाबतीत फसवी ठरते. ज्यांना नाविक 'माइनस्वीपर' म्हणतात, त्या नौकांचा मूळ कामगिरीचा काळ पोलादाला चढणाऱ्या गंजापेक्षा शत्रूच्या सुरुंगांत होणाऱ्या बदलांवर अधिक अवलंबून असतो. डच नौदलातील 'आब्राहम क्राइन्सन' या नौकेचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हॉलंडमधील स्खीडाम येथे १९३६ साली तिचे जलावतरण झाले व पुढील वर्षी ती सेवेत रुजू झाली. लांबी सुमारे ५६ मीटर, वजन ५२५ टन आणि वेग ताशी १५ सागरी मैल. तिच्या रचनाकारांपुढे होता तो समुद्रतळाशी दोराने जखडलेला व आघाताने फुटणारा सुरुंग. नौकेमागून ओढल्या जाणाऱ्या तारेच्या कात्र्यांनी हा दोर तोडावयाचा आणि वर आलेला सुरुंग गोळी झाडून निकामी करावयाचा, अशी ही पद्धत होय. परंतु १९३९ च्या नोव्हेंबरात जर्मनांनी टेम्सच्या मुखाशी टाकलेला चुंबकीय सुरुंग इंग्रजांच्या हाती लागला. तो आघाताची वाट पाहत नसे. जहाजाच्या पोलादामुळे निर्माण होणारे चुंबकत्वच त्याला पुरे होई. म्हणजे सुरुंग काढावयास निघालेली पोलादी नौका आपणच त्याचे निमित्त होऊ लागली. विद्युत्प्रवाहाने हे चुंबकत्व बरेच कमी करता येई, तथापि मूळ दोष राहिलाच.

१९४२ च्या फेब्रुवारीत जावा समुद्रातील लढाईत दोस्तांचा पराभव झाला, तेव्हा 'क्राइन्सन' सुराबाया येथे होती. ऑस्ट्रेलियाकडे निघून जाण्याचा हुकूम आला. पण तिचा वेग तोकडा आणि तोफा अपुऱ्या. तेव्हा नाविकांनी झाडांच्या फांद्यांनी नौका झाकली, उरलेला भाग खडकासारखा रंगविला. दिवसा किनाऱ्यालगत निश्चल राहावयाचे व रात्री मार्गक्रमण करावयाचे, या क्रमाने ती २० मार्च रोजी फ्रीमँटलला पोहोचली. तिच्या वर्गातील तेथील अन्य तीन नौकांपैकी एक जपानी विनाशिकेने बुडविली, दोन त्यांच्याच नाविकांना बुडवाव्या लागल्या. वेषांतराची ही हकीकत इतकी रंजक आहे की नौकेचा बाकीचा इतिहास तिच्याखाली झाकला जातो. वस्तुतः हालते बेट कोणाला फसविणार? खरा आधार दिवसाच्या निश्चलतेचा होता.

सप्टेंबर १९४२ पासून मे १९४३ पर्यंत तिने ऑस्ट्रेलियाच्या नौदलात पाणबुड्यांपासून काफिल्यांचे रक्षण केले. युद्धाअखेर तिमोरमधील कूपांग बंदरात सुरुंग काढण्याचे आपले मूळ काम तिला पुन्हा मिळाले. यानंतर मात्र इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययोद्ध्यांविरुद्ध तिला गस्तीवर लावण्यात आले. जपान्यांपासून निसटलेल्या नौकेचे कौतुक करताना हा भाग गाळणे इतिहासदृष्ट्या अप्रामाणिक होईल.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये ती स्वदेशी निघाली. दरम्यान चुंबकीय सुरुंगांवर उपाय म्हणून लाकडी बांधणीच्या नौका पुढे आल्या होत्या. १९५६ साली भारतीय नौदलानेही ब्रिटिश बनावटीच्या अशा नौका घेतल्या. त्यांतील एकीचे नाव 'कारवार'. त्याच वर्षी 'क्राइन्सन'चे रूपांतर बंदराच्या तोंडाशी संरक्षक जाळी सांभाळणाऱ्या नौकेत झाले. नौदलाच्या यादीतून नाव निघाल्यावर ती सागरी छात्रांच्या शिक्षणास देण्यात आली. काही काळ तिचा कोठारासारखाही उपयोग झाला. १९९५ साली डेन हेल्डर येथील नौदल संग्रहालयाने ती जतनासाठी निवडली आणि पुढे तिला युद्धकालीन रूप परत देण्यात आले.