तातडी पिकाची, मजुराची कधी?

धानाची रोवणी आटोपली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात निंदणाचे दिवस येतात. शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची आई, मावशी किंवा वहिनी अजूनही गावी बांधीत वाकून तण काढते. हल्ली मात्र निंदणाची रोजी कमी होत चालली आहे. तिच्या जागी पाठीवर पंप घेतलेला माणूस आला आहे. तो मारतो त्याला आपण सगळेच 'औषध' म्हणतो. आम्ही पंधरा वर्षे सरकारी दवाखान्यात पाळ्या केल्या. औषध कशाला म्हणतात हे आम्हाला तिथे कळले. हे औषध नव्हे, विष आहे. तण मारायला बनवलेले विष.

तणनाशक मारूनही तण मरेनासे झाले, की सरकारकडे 'तातडीची परवानगी' मागितली जाते. या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा तर आधी इटलीला जावे लागेल. युरोपातला निम्म्याहून अधिक तांदूळ तिथे पिकतो आणि तातडीच्या परवानगीची गोष्ट तिथे स्पष्ट दिसते.

उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात वेर्चेल्ली, नोव्हारा, पाविया हा भाताचा मुलूख आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथले तण बायकाच काढत. त्यांना 'मोंदिने' म्हणत. गुडघाभर पाण्यात, डोक्यावर उन्हाची टोपी, पाठ दिवसभर वाकलेली, पायाला जळवा आणि डासांमुळे हिवताप. या बायकांनी 1906 ते 1909 या काळात संप केले, मोर्चे काढले आणि आठ तासांचा दिवस मिळवला. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशके आली आणि काही वर्षांतच मोंदिनेंचे काम संपले. पाठीचे दुखणे गेले हे चांगलेच झाले. पण ज्या कामासाठी त्या भांडल्या, ते कामही त्यासोबत गेले.

तणाने मात्र हार मानली नाही. तिथल्या भातातली काही पाणतणे 1994-95 मध्येच एका मोठ्या तणनाशक गटाला दाद देईनाशी झाली. पुढे 2006 मध्ये तणनाशक सहन करणारे भाताचे वाण आले. पिकावरूनच फवारा, भात वाचेल, तण मरेल, अशी ती कल्पना होती. चार-पाच वर्षांत त्याच शेतातला लाल जंगली भात तेच विष पचवू लागला. छत्तीसगडच्या बाजूला ज्याला करगा म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद.

असे का होते? वस्तीतल्या माणसाला हे टीबीवरून लगेच कळेल. गोळ्या अर्धवट सोडल्या की कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. तणाचे कारण थोडे वेगळे आहे, पण रीत तीच. लाखो रोपांत दोन-चार रोपे जन्मतःच त्या विषाला पुरून उरणारी असतात. दरवर्षी तेच विष मारले की बाकीची मरतात आणि या दोन-चारांचेच बी पडते. काही हंगामांत सगळी बांधी त्यांचीच होते. विष तणाला काही शिकवत नाही, ते फक्त निवड करते.

प्रोपॅनिल या जुन्या तणनाशकाचे उदाहरण पाहा. भाताच्या रोपात एक विकर असते. ते प्रोपॅनिलचे तुकडे करून टाकते, म्हणून भात वाचतो. सावा-पाखडासारख्या गवताकडे ती ताकद फारशी नव्हती, म्हणून ते मरायचे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात 1990 च्या सुमारास असे गवत सापडले, की ज्याला भातासारखेच प्रोपॅनिल पचवता येत होते.

आता परवानगीकडे वळू. युरोपीय संघाने प्रोपॅनिलला 2008 मध्ये मंजुरी नाकारली आणि 2011 मध्ये पुन्हा नाकारली. पण त्यांच्या कायद्यात कलम 53 आहे. पिकावर संकट आले आणि दुसरा कोणताही रास्त उपाय नसला, तर एखादा देश मंजूर नसलेले विषही 120 दिवसांपुरते वापरू देऊ शकतो. 120 दिवस म्हणजे भाताचा एक हंगाम. दुसऱ्या विषांना दाद न देणारे तण मारायचे म्हणून इटलीत या कलमाखाली प्रोपॅनिलला परवानगी मिळाली. नंतरच्या हंगामांतही ती पुन्हा पुन्हा मिळत राहिली. 2019 मध्ये युरोपने तिसऱ्यांदा नकार दिला. जी तातडी दरवर्षी पेरणीच्या वेळी ठरल्याप्रमाणे येते, तिला तातडी म्हणायचे की वहिवाट? जानेवारी 2023 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने बीटच्या बियाण्याला लावायच्या कीटकनाशकांच्या खटल्यात सांगितले, की स्पष्टपणे बंदी घातलेल्या वापराला तातडीच्या नावाखाली मागच्या दाराने आणता येणार नाही.

प्रोपॅनिल पोटात गेले तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. रक्तातला लोहयुक्त रंग प्राणवायू वाहून नेतो. या विषाने तो बदलतो आणि प्राणवायू सोडेनासा होतो. ओठ, नखे निळसर पडतात, रक्त चॉकलेटी दिसते. प्राणवायू लावूनही निळेपणा जात नाही. बोटाला लावायचे यंत्रही अशा वेळी फसवे आकडे दाखवते. मिथिलीन ब्लू नावाचे इंजेक्शन लागते, आणि ते मिळाले तरच उपयोग.

शेतकऱ्यालाही आम्ही दोष देत नाही. वेळेवर मजूर मिळत नाही, भाव परवडत नाही, तण पिकाचा घास खाते. त्याचे संकट खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की परवानगीच्या अर्जात पिकाचे किती नुकसान होईल याचा हिशेब पहिल्या पानावर असतो, मग फवारणाऱ्याच्या फुप्फुसाचा आणि निंदणाऱ्या बाईच्या हातांचा हिशेब कोणत्या पानावर असतो?

आपल्याकडचा कायदा 1968 चा आहे. नाव कीटकनाशक कायदा, पण तणनाशकेही त्यातच येतात. भारतात पहिल्यांदाच येणाऱ्या विषाला कलम 9(3बी) खाली 2 वर्षांची तात्पुरती नोंदणी देता येते. आणि विष घातक ठरले तर? कलम 27 प्रमाणे राज्य सरकार त्याची विक्री आणि वापर 60 दिवस थांबवू शकते, फार तर आणखी 30 दिवस. कायमची बंदी घालणे राज्याच्या हातात नाही. यवतमाळमध्ये 2017 साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर राज्याने काही कीटकनाशकांवर घातलेली बंदीही 60 दिवसांचीच होती.

इटलीने 2006 मध्ये धरलेली वाट आता आपल्याही दारात आहे. 2021 मध्ये पुसा बासमती 1979 आणि 1985 हे इमेझेथापायर तणनाशक सहन करणारे वाण आपल्या देशात आले. रोवणी नाही, थेट पेरणी. पाणी कमी, मजुरी कमी. मजुरी कमी म्हणजे कोणाची कमी, हे निंदणाऱ्या बाईला विचारा.

एका श्रावणात एक बाई आमच्याकडे आली. उलट्या, चक्कर, डोळ्यांची आग. तिने फवारले नव्हते. सकाळी फवारलेल्या बांधीत ती दुपारी अनवाणी शिरली होती. डॉक्टरांनी विचारले, कोणते औषध होते? तिला माहीत नव्हते. नवरा सायकलने परत जाऊन बाटली घेऊन आला, त्यात दीड तास गेला. ती बरी झाली. पण तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत बाटलीची गोष्ट पहिली सांगतो.

तर घरात आणि गावाकडे एवढे सांगून ठेवा:

बाटलीवर ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर, बिसपायरीबॅक सोडियम, टू-फोर-डी अशी नावे दिसतील. लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो. लाल सर्वात जहाल. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, बाकीच्यांपेक्षा कमी विषारी एवढेच.

फवारलेल्या बांधीत लेबलवर सांगितलेल्या मुदतीआधी उतरू नका. मालक म्हणाला तरी नाही.

फवारून आलेल्याचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. त्याने साबणाने आंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नये. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, तांदूळ ठेवू नका.

विष अंगावर सांडले तर कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक विनामूल्य आहे.

पॅराक्वाट हे तणनाशक बांधावर मारतात. त्यावर उतारा नाही. त्याचा एक घोटही जीव घेतो, आणि माणूस पहिल्या दिवशी चालता-बोलता दिसला तरी पुढे फुप्फुसे निकामी होतात. 'बरे वाटते' म्हणून घरी थांबू नका.

शेवटी मागणी. कोणत्याही तणनाशकाला तात्पुरती किंवा तातडीची परवानगी देताना तीन गोष्टी आधी हव्यात. लेबल मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात. त्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयात त्या विषावरचे उपचार. आणि फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखपट्टी, बूट मालकाकडून, मजुरी न कापता. येत्या ग्रामसभेत हे तीन ठराव मांडा. निंदणाला जाणाऱ्या बायकांनी पुढे बसावे, कारण विषाच्या सर्वात जवळ त्याच असतात.